व्हॉल्व्ह आणि आबांची नोकरी

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी एका तेलाच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. वाफेचा दाब जास्त झाला की आपोआप उघडणारा एक व्हॉल्व्ह असतो. आठवड्यातून एकदा तो हाताने उघडून बघायचा आणि रजिस्टरमध्ये सही करायची, असा नियम. त्या हिवाळ्यात व्हॉल्व्ह जाम झाला होता. दुरुस्तीसाठी बॉयलर दोन दिवस बंद ठेवावा लागला असता, म्हणून साहेब म्हणाले, "तपासला असं लिही. सीझन संपला की बघू."

साहेब परके नव्हते. धुळ्यात आमच्याच चर्चच्या मंडळीत ते पंच होते. रविवारी शास्त्रवाचन बहुधा तेच करायचे.

भावाचं चुकलं तर आधी एकट्याने जाऊन त्याला सांगावं, नाही ऐकलं तर एखादा साक्षीदार घेऊन जावं, तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांगावं, हे येशूचं वचन मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तसंच करायचं ठरवलं.

एकटा गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. "तू नाही केलीस तर दुसरा कोणी सही करेल," एवढंच म्हणाले.

मग आबांना साक्षीला येता का विचारलं. ते माझ्याबरोबर बॉयलरवर असायचे, वयाने मोठे, पण ठेकेदाराकडचे. मी कायम होतो, ते नव्हते. हा फरक तेव्हा माझ्या मनातही आला नाही. आबा लगेच उठले. केबिनमध्ये टोपी हातात धरून त्यांनी सांगितलं, "भाऊ म्हनस ते खरं शे साहेब. व्हॉल्व्हनी दांडी हालत नही."

चौथ्या दिवशी ठेकेदाराने आबांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मला कोणी काही बोललं नाही.

रविवारी उपासनेनंतर मी चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कारखान्यातलं मंडळीत आणू नकोस," ते म्हणाले. "आणि अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, हेही लिहिलेलंच आहे ना?" लिहिलेलं होतंच. आवाराच्या फाटकाशी बायको मोटरसायकलजवळ वाट बघत होती. मी जाऊन गाडी चालू केली.

पुढच्या महिन्यात नवा व्हॉल्व्ह बसला. मी साहेबांना म्हटलं, "आता आबांना बोलवा." ते म्हणाले, "ते ठेकेदाराच्या हातात आहे." ठेकेदार म्हणाला, साहेबांच्या हातात आहे.

आबांच्या गावी गेलो. ते दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होते. बांधावर बसवून त्यांनी मला स्वतःच्या तांब्यातलं पाणी दिलं.

"आबा, माझ्यामुळे झालं हे."

"तू खरंच बोलना," ते म्हणाले. "मी बी खरंच बोलनू. आते काय करवो?" आणि कमरेची झोळी सारखी करून पुन्हा ओळीत शिरले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

साहेब अजून पंच आहेत. उपासना संपली की सगळ्यांशी हात मिळवतात, माझ्याशीही. माझा हात ते दोन्ही हातांत धरतात आणि घरची खुशाली विचारतात. मी ठीक आहे म्हणून सांगतो. हात काढून घ्यावा की राहू द्यावा, हे मला अजून कळलेलं नाही.