‘जाते’चं ‘येते’ कुणी केलं?

ताईनं हॉस्पिटलमधून फोन केला तेव्हा मी पोळ्या करत होते. “रेवा गेली,” एवढंच ती बोलली. मी गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले... गेली. या घरात निघताना हा शब्द मी कधी कुणाला उच्चारू दिला नव्हता.

रेवा माझी भाची. ताईच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत वेस्ट विंडसरला आले आणि इथलीच झाले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण रेवाला मराठी आलं ते माझ्याकडून. शाळेला निघताना ती “मावशी, जाते” म्हणायची आणि मी तिला दारातून परत बोलवायचे. जाते म्हणू नये, येते म्हणावं. “पण मी तर जातेय, यार,” म्हणून ती हसायची, आणि तेवढ्यात बस चुकायची.

मोठी होऊन ती सिनेमे करायला लागली. एक जुनी मराठी लघुकादंबरी तिच्या मनात होती. देवनागरी तिला अडखळत यायची, म्हणून मीच ती वाचून दाखवली. शेवटी त्यातली बाई नवऱ्याचं घर कायमचं सोडते. उंबऱ्यावरून सासूला म्हणते, “जाते.” मी पान उलटणार, तोच रेवानं माझा हात धरला. “मावशी, वेट. ही ‘येते’ का नाही म्हणत?” मी काही सांगायच्या आत तिचं तिलाच कळलं. “ओह... ती परत येणारच नाहीये.” त्या एका शब्दासाठी तिनं सिनेमा केला.

इथं कुणी पैसे घातले नाहीत. युरोपातल्या तीन देशांच्या निर्मात्यांनी मिळून घातले, आणि प्रत्येकाची अट वेगळी. कॅमेरा एका देशाचा, संगीत दुसऱ्याचं, शूटिंग तिसऱ्यात. कादंबरीतलं कोकणातलं घर पोर्तुगालच्या डोंगरावर उभं राहिलं. वृंदावनात तुळशीऐवजी तिथलंच कसलंसं झुडूप. “तू रागावशील म्हणून क्लोज-अप घेतला नाही, मावशी,” असं तिनं फोनवर सांगितलं होतं. सगळं तिनं सोसलं. तो शब्द मात्र सोडला नाही.

मग ती आजारी पडली. शेवटचं आवाजाचं काम तिच्याशिवाय झालं.

गेल्या आठवड्यात तिच्या आठवणीसाठी सिनेमा दाखवला. पडद्यावर ती बाई उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, “येते.” आवाजही दुसऱ्याच कुणाचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं तिथं आलेल्या एका निर्मात्या बाईंना विचारलं, तर त्या मायेनं सांगू लागल्या, की मराठी माणसं निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ते अशुभ असतं, असं त्यांच्या सल्लागारानं कळवलं. रेवा अमेरिकेत वाढलेली, तिची चूक तशीच राहिली असती. त्यांनी ती दुरुस्त केली.

चूक? जो शब्द मी तिला लहानपणापासून म्हणू दिला नाही, तो ती चुकून लिहील? तेव्हा ती जिवंत होती, उशाशी फोन होता. एकदा विचारायचं तरी. पडद्याखालच्या इंग्रजीत दोन्ही शब्द सारखेच, म्हणून काही बिघडलं असं कुणाला वाटलंच नाही. मला लोकांत बोलायला जमत नाही. तरी मी त्या बाईंपुढे जाऊन मराठीतच म्हणाले, “ती परत येणार नव्हती.” ताईनं ते इंग्रजीत सांगितलं. त्यांना वाटलं, मी रेवाबद्दल बोलतेय. त्यांनी मला जवळ घेतलं.

शेवटची हॉस्पिटलला निघाली तेव्हा रेवानं दाराशी सपाता काढून बूट घातले आणि भिंतीला हात टेकून म्हणाली, “येते गं, मावशी.” त्या सपाता अजून तिथंच आहेत. ताई म्हणते, उचल आता. मी उचलत नाही. ते ‘येते’ रेवाचं स्वतःचं होतं, मनापासून म्हटलेलं. सिनेमातल्या बाईच्या तोंडी तिनं ‘जाते’ ठेवलं होतं... ते तिथं परत ठेवा.