लेबलं तरी काढायची की!

मगदूम सर गेल्याचं मला महिन्यापूर्वी प्राचार्यांच्या फोनवरून कळलं. 'फार वाईट झालं' म्हणून झाल्यावर लगेच म्हणाले, "मॅडम, सरांची एखादी बाटली असंल की तुमच्याकडं. शोकसभेत फोटोशेजारी ठेवूया." माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात नदीचा अभ्यास सुरू करताना रसायनशास्त्राचे हे सर मराठी शिकवणाऱ्या माझ्याकडे आले. "बाई, पाणी मी तपासतो. माणसं काय बोलतात ते टिपायला पोरांना तुम्ही शिकवा." इतिहासवाले, अर्थशास्त्रवालेही त्यांनी ओढून आणले. स्टाफरूममध्ये आमचं नाव पडलं 'खिचडी खातं'. पंचगंगेच्या घाटावर धुणं धुणारी आक्काताई पहिल्याच दिवशी म्हणाली, "पाणी बघायला बाटली कशाला लागतीया मास्तर? माझं हात बघा की." हात सोलवटलेले होते. तेव्हापासून प्रत्येक बाटलीच्या लेबलावर तपासणीच्या आकड्यांखाली ते पाणी वापरणाऱ्याचं एक वाक्य, जसंच्या तसं. कुणी ते शुद्ध करून लिहिलं तर सर भडकत... एरवी त्यांना भडकणं जमायचंच नाही. कपाटं भरत गेली.

पुढे पर्यावरण विषय सगळ्यांना सक्तीचा झाला. वाटलं, आता सरांचे दिवस आले. कसले डोंबलाचे! ज्याचे तास कमी त्याच्या गळ्यात विषय बांधला आणि पोरांनी गाइडातून प्रकल्प उतरवले. त्यातच तपासणी समिती येणार म्हणून याच प्राचार्यांना सरांची खोली चकचकीत हवी होती. सर पोरांना घेऊन पाण्याचे नमुने आणायला मलकापूरला गेलेले, दुसरी किल्ली माझ्याकडे. शिपाई मागायला आला, मी देऊन टाकली. कशाला हवी, एवढंही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत पाणी बेसिनमध्ये आणि बाटल्या भंगारात. समितीला तिथं कुंड्या दिसल्या.

परतल्यावर सर रिकाम्या कपाटांकडे बघत उभे राहिले. "लेबलं तरी काढून ठेवायची की, बाई." बस्स. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं... ते कुणावर चिडले नाहीत, म्हणून आज मी चिडते आहे. प्राचार्यांवर, आणि त्याहून जास्त स्वतःवर.

शोकसभेत म्हणे त्यांना 'पर्यावरणाचे पुजारी' म्हटलं. मी गेले नाही.

एक बाटली वाचली आहे, वर्गात दाखवायला म्हणून मी घरी आणलेली. शाई उडत चालली आहे, तरी 'माझं हात बघा की' अजून वाचता येतं. प्राचार्यांना त्या दिवशी फोनवरच सांगितलं, "न्हाय देत."

"अहो, का पण?"

"एकदा किल्ली दिलती. तेवढं बास झालं."