मिठाला हात न लावलेले दिवस

बारा माणसांची न्शिमा घोटणं हे रुळाखाली पहार मारण्याइतकंच कष्टाचं काम आहे. पहार मी एकतीस वर्षं मारली, न्शिमा एकदाच घोटली, म्हणून सांगतो. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात पडलं की घट्ट व्हायला लागतं, आणि हात दमलेला असतो नेमका तेव्हाच दुप्पट जोर लावावा लागतो. थांबलात की तळ करपतो आणि वर गुठळ्या होतात.

झिंबा गावाच्या बाजूला आमची रुळांची गँग होती, तेव्हा हे काम बिना चीलो करायची. बिना चीलो म्हणजे चीलोची आई. तिचं स्वतःचं नाव एस्नार्ट, हे मला पुढे एका कागदावरून कळलं. पाच मुलं, नवरा दूर उत्तरेला तांब्याच्या खाणीत, वर्षातून एकदा येणारा. बोअरवेलवरून पाण्याच्या नऊ बादल्या ती एकटी आणायची आणि एकही अर्धी नसायची. जेवण बाराला म्हणजे बाराला. मी फार माणसांबरोबर काम केलं आहे. तिच्याइतकं चोख काम करणारे मोजून चार भेटले.

आमच्यात बाईचे पाळीचे दिवस असले की ती शिजत्या भांड्यात मीठ घालत नाही. दुसऱ्याला घालायला सांगते. घातलंच तर खाणाऱ्याच्या छातीत खोकला बसतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. गँगवर मीच वयाने मोठा, म्हणून त्या दिवसांत ती मला हाक मारायची. "दादा, जरा इकडे या." मी चिमूट टाकून परत कामाला. चार दिवस, फार तर पाच. सगळ्यांना कळायचं, बोलायचं कुणी नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मी सहाव्या दिवशीही मीठ टाकलं. मग दहाव्या, मग पंधराव्या दिवशीही.

बारा माणसं एका ताटाभोवती बसतात तेव्हा कुणी काही मोजत नाही असं समजू नका. मीही मोजत होतो. नवरा नाताळला येऊन गेला होता, तेही माझ्या लक्षात होतं. मार्चमध्ये तिने चार गुरुवार सुट्टी घेतली होती आणि चारही रविवारी भरून काढली होती, तेही. अंगाने बाई उतरली होती. बादल्या नऊच, पण वाटेत दोनदा टेकायची. पूर्वी टेकत नसे.

मूल पडलं की बाईने औषध पुरं होईपर्यंत मीठ टाळायचं असतं. पण आपसूक पडलं असतं तर बायका रडायला आल्या असत्या. तिच्याकडे कुणी आलं नव्हतं.

मुकादम सियांकोंडो तेव्हा खोकत होता. खडीची धूळ आम्ही सगळेच गिळायचो, पण त्याने ठरवलं की खोकला भांड्यातून आलाय. दोन दिवस तो स्वतःची भाकरी वेगळी आणून खात होता आणि तिच्या हातांकडे बघत होता. तिसऱ्या दिवशी भाकरी सोडण्याऐवजी तो चुलीपाशी जाऊन उभा राहिला. पाणी उकळलं होतं, पहिलं पीठ पडलं होतं.

"बिना चीलो, किती दिवस झाले?"

"कशाला?"

"मीठ हा म्हातारा घालतोय त्याला."

"एकवीस," ती म्हणाली. हात घोटतच होता. "तुम्ही मोजलेत की. मग विचारता कशाला?"

"पाडलंस?"

"डॉक्टरने काढलं. पाचव्याच्या वेळी माझी पिशवी फाटली होती. सहावं आलं तर वाचणार नाही म्हणाले."

कुणीतरी हलक्या आवाजात "अरे देवा" म्हणालं. मुलेया, जो शनिवार पाळणाऱ्यांच्या चर्चमध्ये गाणं धरायचा, पुढे झाला. "जीव तो जीव, बाई. डॉक्टरला कुणी दिला अधिकार?"

"मी मेले असते तर माझ्या मातीला गायला तुम्हीच आला असतात, मुलेया. आवाज छान आहे तुमचा. पण माझ्या पाचांना जेवायला कोण घालणार होतं? तुम्ही?"

दोघेतिघे हसले. सियांकोंडो हसला नाही. "ही गोष्ट तुरुंगाची आहे. कितीतरी वर्षांची. तुझी आणि करणाऱ्याचीही."

तिने चाटू एका हातात घेतला, दुसऱ्या हाताने कमरेच्या कापडाची गाठ सोडली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. "कायद्याला तीन डॉक्टरांच्या सह्या लागतात. तीन आहेत. वाचा."

त्याने वाचल्यासारखं केलं. मग मला दिला, कारण त्याचा चष्मा घरी होता आणि ते त्याला कबूल करायचं नव्हतं. वर नाव होतं, एस्नार्ट मालेले. खाली तीन सह्या, एक शिक्का.

"आपल्या इस्पितळात डॉक्टर किती?" त्याने मला विचारलं.

"एक."

"मग हे दोन कुठून उगवले? आणि तिन्ही सह्या निळ्या शाईच्या. एकाच हाताच्या नाहीत कशावरून?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. कागद मी उन्हाकडे धरून पाहिला. त्याने काय कळणार होतं? पण पाहिला.

"एक इथला," ती म्हणाली. "दोन लिव्हिंगस्टनचे. पहिल्या खेपेला तिथे एकाची सही मिळाली, पण मोठा डॉक्टर नव्हता. दुसऱ्या खेपेला होता, पण सही करणार नाही म्हणाला, त्याचा धर्म आड येतो. तिसऱ्या खेपेला दुसरा भेटला. चौथ्या खेपेला काम झालं. चार गुरुवार, मुकादम. तुमच्याच वहीत आहेत."

"गुपचूप मीठ घातलं असतंस तर कुणाला कळलं असतं?" मागून एकाने विचारलं. तो खरंच विचारत होता.

"आणि तुम्ही खोकलात तर?"

तिला झाकायचं असतं तर एक चिमूट पुरली असती. आमच्या छातीला जपायला गेली म्हणून ती उघडी पडली होती. हे मला कळलं आणि तरी संशय पुरता गेला नाही. संशय असाच असतो, पुरावा मिळाला की तो पुराव्यावरच जाऊन बसतो.

सियांकोंडोने माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात टाकला. "शुक्रवारी पोलिसांकडून तपासून घेतो. खरा असेल तर मिळेल परत."

तिचा हात थांबला. एवढ्या वर्षांत प्रथमच मी तो मध्येच थांबलेला पाहिला.

"कागद द्या."

"शुक्रवारी."

"हरवला तर माझ्याकडे काय राहतं? तुमचा शब्द?"

"इस्पितळात नोंद असेलच की."

"असेल ना. मग तिथे जाऊन बघा. तुमच्या खिशात माझा कागद कशाला?"

तिने चाटू भांड्याच्या काठावर टेकवला आणि हात बांधून उभी राहिली. भांड्यात फुगे फुटत होते. पीठ घट्ट होत होतं.

"घोट, बाई," मुलेया म्हणाला. "करपेल."

"करपू दे."

मी चाटू उचलला. दहा वेळा फिरवला असेल, खांद्यातून कळ गेली. पहारेला वजन टाकता येतं, इथे तसं नाही. गुठळ्या झाल्या, मग वास आला. सकाळपासून आम्ही रुळांखालचे बत्तीस स्लीपर बदलले होते आणि संध्याकाळपर्यंत आणखी चोवीस बदलायचे होते, तेही आता उपाशी. माणसं आधी भांड्याकडे बघत होती, मग सियांकोंडोच्या खिशाकडे बघायला लागली.

"दे तिला," मी म्हणालो.

"तुझा विश्वास बसला?"

"विश्वासाचं मला विचारू नकोस. कागद तिचा आहे."

मुलेया जीवाच्या बाजूने होता, तरी तोही म्हणाला, "द्या हो मुकादम. देवाचा निवाडा देव करील. ती दुसऱ्याचा कागद मागत नाहीये." बाकीचे नुसते उभे राहिले, पण पुढे सरकून उभे राहिले. सियांकोंडोने कागद काढला. तिने तो उघडला, तिन्ही सह्या एकेक करून बघितल्या आणि गाठीत बांधला.

मग माझ्या हातून करपलेलं तिने सगळं काढून टाकलं. भांडं राखेने घासलं, तळ दिसेपर्यंत घासलं, पुन्हा पाणी ठेवलं. तास गेला. कुणी तक्रार केली नाही. भाजीत मीठ मीच घातलं. औषधाचे नऊ दिवस राहिले होते, ते तिने बोटांवर मोजून मला सांगितलं. दहाव्या दिवशी तिने स्वतः घातलं, सगळ्यांसमोर. सात जण जेवले, मीही. त्यांतला मुलेया प्रार्थना लांबवून शेवटी जेवला. चौघांनी पाव खाल्ला. सियांकोंडोचा वाटा ती तरीही रोज काढून झाकून ठेवायची, आणि तो रोज तसाच परत जायचा. पावसाआधी तो दुसऱ्या गँगवर गेला.

ती आणखी सहा वर्षं आमच्याबरोबर होती. नवा मुकादम, नवा गँगमन, कुणी ना कुणी ऐकून यायचा आणि विचारायचा. ती नाही म्हणत नसे. चाटू बाजूला ठेवून कागद काढायची, उलगडायची आणि समोर धरायची. वाचणाऱ्याने हात पुढे केला की म्हणायची, "तिथूनच वाचा." कागदाच्या कडा तिने बोटांमधून पुन्हा कधी सोडल्या नाहीत.