दुसऱ्या लेव्हलचा साडू

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर नाथाजीला आष्ट्यात दोनच गोष्टींचा नाद उरला होता. एक ऊस आणि दुसरा मोबाईलवरचा 'रणपट'. रणपट म्हणजे सहा जणांच्या तुकडीची लढाई, एकदा आपली खेळी, एकदा समोरच्याची. तुकडीत कुणी ढालकरी, कुणी तिरंदाज, कुणी वैद्य. छावणीत शिधा खर्चून ज्याला सराव द्यावा त्याचं कसब वाढतं, लेव्हल चढते. नावं आपण ठेवायची.

नोकरीची शेवटची वर्षं नाथाजीनं उस्ताद म्हणून नवे रंगरूट घडवण्यात घालवली होती. दौडीत तो पहिल्या पोराची वेळ कधी घ्यायचा नाही. शेवटचा पोरगा रेषेवर आला की मगच त्याचं घड्याळ थांबायचं. गेममध्येही त्यानं हीच रीत चालवली. जो मागं पडेल त्याला आधी शिधा. त्यामुळं त्याच्या तुकडीतले पाचजण, म्हणजे तो स्वतः, बायको दीपमाला, सासरे लालासाहेब, सासू अंबूबाई आणि मेहुणी संयोगिता, सगळे अठराव्या लेव्हलवर एका ओळीत उभे होते.

सहावा, ढालकरी वीरधवल, दुसऱ्या लेव्हलवर होता.

खरा वीरधवल म्हणजे संयोगिताचा नवरा, नाथाजीचा साडू. मिरजेच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. लालासाहेबांचं गाव वाईजवळ. स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. थोरला जावई फौजी, म्हणून त्याला शेजारी बसवून तासन्‌तास पलटणीच्या गोष्टी चालायच्या. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत झालं. खाट, डॉक्टर, औषधं, रोजचा डबा, सगळं धाकट्या जावयानं बघितलं. तेव्हापासून घरात प्रत्येक बोलणं "वीरधवलरावांना विचारा" इथं येऊन थांबू लागलं. गेल्या साली उसाला कोणतं खत टाकावं, हे विचारायलाही म्हाताऱ्यानं मिरजेला फोन लावला. शेतातला ऊस कधी हातात न धरलेल्या माणसाला. ते नाथाजीच्या मनातून गेलं नाही.

गेमच्या तुकडीतला वीरधवल त्याच दिवशी जन्माला आला. रोज संध्याकाळी नाथाजी त्याला एकटा पुढं काढायचा, शत्रूच्या बाणांत उभा करायचा आणि पडला की म्हणायचा, "गेला."

"कोण गेलं वं?" दीपमाला चुलीपासून विचारायची.

"कुणी न्हाई."

पडलेला गडी पुढच्या लढाईला पुन्हा उभा राहतो, हे या गेमचं मोठं सुख होतं.

दिवाळीला नाथाजीनंच साडूला हा गेम दाखवला. आपल्या गड्यांच्या लेव्हल ऐकून त्यानं तोंडात बोटं घालावीत, एवढाच हेतू. वीरधवलनं तो आपल्या मोबाईलवर घेतला आणि उन्हाळ्यापर्यंत त्याचे दोन गडी सव्विसाव्या लेव्हलला गेले.

"दोघांनाच खाऊ घालायचं," त्यानं फोनवर सहज सांगितलं. "बाकीचे चौघं नुसते मार खायला."

"ही काय तुकडी झाली व्हय?" नाथाजी म्हणाला, पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

यंदा धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, वाण द्यायचं. लालासाहेबांनी दोघांना एकाच दिवशी बोलावलं. थोरला म्हणून पहिला पाट नाथाजीचा. आहेर दोघांना सारखा होता, अनारसे सारखे होते. नाथाजीनं बारकाईनं बघितलं आणि त्याला फरक सापडलाच. अंबूबाईंनी तुपाची वाटी आधी वीरधवलच्या ताटाजवळ नेली.

जेवणं झाल्यावर लालासाहेब दुखरा पाय लांब करून बसले. "तुमी दोघं मोबाईलवर कसली लढाई खेळता म्हणं? आमालाबी दावा की."

नाथाजी याच क्षणाची वाट बघत होता. म्हाताऱ्यासमोर एकदा या माणसाला सपाट करायचं. एकदाच. पाच पक्के गडी होते त्याच्याकडं. दोन पैलवानांना पाचजण घेरतात.

"बारीक पडद्यावर मामांना काय दिसणार?" वीरधवल म्हणाला. त्यानं नाथाजीचा मोबाईल हातात घेतला, दोन बटणं दाबली आणि तुकडी भिंतीवरच्या टीव्हीवर उभी राहिली. प्रत्येकाच्या डोक्यावर नाव आणि लेव्हल.

नाथाजीला हे सुचलंच नव्हतं. आजवर ती तुकडी त्याच्याशिवाय कुणी नीट बघितली नव्हती.

"अगं बाई, मी!" संयोगिता ओरडली. "दाजी, मी तिरंदाज? अठरा लेव्हल! आई, तू पण आहेस गं, वैद्य झालीस." मग तिचं बोट शेवटच्या गड्यावर आलं आणि थांबलं. "अहो, हे तुम्ही. दोन?"

दीपमालानं नवऱ्याकडं बघितलं. संध्याकाळी रोज कोण जातं, ते तिला आत्ता कळलं.

"नवीन हाय तो," नाथाजी म्हणाला.

वीरधवल मोठ्यानं हसला. "काय हवालदार! आमच्यावर एवढा राग?"

"आणि तुमच्यात कोण कोण हाय?" दीपमालानं घाईनं विचारलं.

वीरधवलची तुकडी समोर आली. गडी एक, गडी दोन, गडी तीन. "नावं कोण घालत बसतंय? गेमनं दिली तीच."

ती दोन लेव्हल उघडी पडली, त्यापेक्षा नाथाजीला हे जास्त लागलं. वर्षभर तो या माणसाला रोज मारत होता आणि या माणसाच्या तुकडीत त्याला उभं राहायलाही जागा नव्हती.

लढाई सुरू झाली. आधी नाथाजी चढच होता. दीपमाला आणि संयोगितानं बाणांनी साडूचे कच्चे गडी उडवले, लालासाहेबांच्या भाल्यानं पैलवानांतला एक पाडला. म्हातारा खुशीत आला. "हाण तिच्यायला!" मग उरलेला पैलवान नाथाजीच्या बाजूच्या खिंडीच्या तोंडाशी आला. तिथं वाट अडवायला ढालकरीच लागतो. ढालकरी तुकडीत एकच होता. तो एका घावात पडला आणि पैलवान त्याच्या अंगावरून सरळ वैद्यावर गेला.

"आई गेली!" संयोगिता म्हणाली.

"मला काय झालं?" अंबूबाईंनी आतून हाक दिली. "भांडी घासतीया मी."

सगळे हसले. नाथाजी हसला नाही. जखमा बांधायला कुणी उरलं नव्हतं. बाकीचे एकामागून एक पडत गेले.

"ती ढाल पक्की असती ना, तर हरलो होतो मी," वीरधवल म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

लालासाहेबांनी पाय जवळ घेतला. "पावणं, एक सांगा. पलटणीत एकच जवान कच्चा निघाला, तर साहेब कुणाला बोलवायचा?"

"उस्तादाला," नाथाजी म्हणाला.

"मंग झालं," म्हातारा म्हणाला आणि धाकट्या जावयाकडं वळला. "वीरधवलराव, ही गुडघ्याची गोळी अजून किती दिवस घ्यायची वं?"

संध्याकाळच्या एसटीनं नवरा-बायको परत निघाले. सातारा मागं पडला. दीपमाला वाणाचा डबा मांडीवर धरून बसली होती.

"आवं, रोज सांजंला कोण जातं, ते वीरधवलरावांस्नी कळलं का न्हाई, देव जाणं. मला कळलं."

नाथाजीनं मोबाईल काढला. छावणी उघडली. साठवलेला सगळा शिधा त्यानं ढालकऱ्यासमोर मांडला. बटणावर बोट नेलं आणि थांबला. तीन, चार, पाच असं ते नाव त्याच्या डोळ्यांदेखत वर चढत जाणार होतं. मग ते त्याला रोज सांभाळावं लागणार होतं.

त्यानं आधी वीरधवल हे नाव खोडलं. दुसरं लिहिलं. मग सराव सुरू केला.

कराडच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा ढालकरी सातव्या लेव्हलवर होता. दीपमालानं वाकून पडद्यावर बघितलं.

"ह्यो आकाराम कोण आता?"

"नवी भरती," नाथाजी म्हणाला.