मांजरामागचा कापूस

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, अमडापूरजवळ तिच्या स्वतःच्या शेताच्या बांधावर. बोंडअळीचं नुकसान लिहून घ्यायला आलेला साहेब शेतात पाय न ठेवता परत गेला. एका फोटोमुळे. फोटो मी काढलेला होता, आणि त्याच्यावर सगळ्यात आधी येऊन बसलं होतं एक मांजर.

तेव्हा मी चिखलीत फ्लेक्सच्या दुकानात कामाला होतो. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, आणि मालक जेवायला गेला की आमच्या शेतकऱ्यांच्या संघटनेची पत्रकं. अधूनमधून वेबसाइटही करायचो. बाजारातला एक शेठ खाली बीटी कापसाचं बियाणं विकायचा आणि वरच्या मजल्यावर पर्शियन मांजरं ठेवून त्यांची पिल्लं पुण्या-नागपूरला पाठवायचा. मांजरांना कूलर होता. एका पिल्लाचं पोट बिघडलं तर अकोल्याहून डॉक्टर आला. त्या मांजरांची वेबसाइट सजवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

शेठला सगळंच पाहिजे होतं. पानाच्या कडेनं चालत जाणारे पंजे, लुकलुकणाऱ्या चांदण्या, पिल्लाच्या गळ्यात सोनेरी रिबीन. मी मागे मखमली पडदा लावला, तर तो म्हणाला, लग्नाचा हॉल वाटते. काश्मीरचा बर्फ लावला, तर पांढरं पिल्लू दिसेना. "काहीतरी नॅचरल दाखव ना बे," म्हणत तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून माझेच फोटो पाहायला लागला. आणि एकावर थांबला.

तो सीतादहीचा फोटो होता. आमच्याकडे पहिली वेचणी पूजेशिवाय होत नाही. फुटलेल्या कापसाच्या झाडाला हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग ओटी बांधून वेचायला लागायचं. त्या साली पूजेपुरतंही धड बोंड फुटलं नाही. बाहेरून हिरवंगार, नखानं फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळी पडलेली सरकी. ज्या बियाण्याला बोंडअळी शिवणारच नाही म्हणून सांगितलं, त्याचीच ही गत. पण सडक्या बोंडाची पूजा कशी करायची? आत्यानं वातींसाठी ठेवलेला मागच्या सालचा कापूस घरून आणला आणि पहिल्या ओळीच्या तोंडाशी कापसाच्या पाच झाडांच्या, पाच पऱ्हाट्यांच्या, वाळक्या बोंडांत खोवला. बोटानं मोकळा करून, आत्ताच फुटल्यासारखा. मी तेवढ्याच पऱ्हाट्यांचा फोटो काढला. मागे विहीर आणि वाकडा लिंब. तिला मोठा करून देणार होतो.

"टाक हाच मागं," शेठ म्हणाला.

"शेठ, हा कापूस झाडाचा नाही. घरून नेऊन खोवला आहे. आत्याची सगळी बोंडं सडली. बियाणं तुमच्याच दुकानातलं होतं."

तो खदाखदा हसला. "अबे, मांजराले काय समजते, घरचा का झाडाचा!"

मालक आतून ओरडला, "टाक ना बे! भाषण काऊन देऊन राह्यला?"

टाकला. स्क्रीनवर पिल्लाच्या मिशा एकेक करून कापून घेतल्या, पोटाखाली सावली दिली, दोन हिरवी पानं त्याच्या पाठीवर आणली. पिल्लू कापसातूनच उगवल्यासारखं दिसायला लागलं. शेठ खूश.

दिवाळीला मी गावी होतो तेवढ्यात दुकानात शेठचं दुसरं काम झालं. परत आलो तर अमडापूरच्या फाट्यावर भला मोठा बोर्ड. तेच शेत, तीच विहीर, तोच लिंब. मांजर उचलून त्या जागी बियाण्याचं पाकीट ठेवलेलं. मी दिलेली मांजराची सावली पाकिटाखाली तशीच होती. वर लिहिलं होतं: बोंडअळीला बाय बाय.

सोमवारी साहेब आला. मीही आत्याबरोबर होतो. बांधावर उभा राहून विहिरीकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं, आणि हसला. "बाई, हे तर फाट्यावरच्या बोर्डातलं शेत. तिथं एवढं पांढरं झालं आणि इथं नुकसान?"

आत्यानं सगळं सांगितलं. सीतादही, वातींचा कापूस, पाच पऱ्हाट्या. मीही सांगितलं. बोंड फोडून त्याच्या पुढे धरलं. त्यानं हातात घेतलं नाही.

"म्हणजे आधी देवाले फसवलं," तो म्हणाला, "आता सरकारले फसवून राह्यल्या का?"

"देवाच्या पुढ्यातच लावला साहेब," आत्या म्हणाली. "त्याले मालूम होतं. तुम्ही तर बांधाखाली उतरूनही नाही पाह्यलं."

तोवर तो मोटारसायकलवर बसला होता. गेला. आत्याचं शेत नुकसानीच्या यादीतून सुटलं ते सुटलंच.

मी तडक शेठकडे गेलो. खोवलेल्या कापसाचं त्याला आठवतही होतं. नाकारलं नाही त्यानं, हे मला जास्त लागलं. "तुह्या आत्याचं नाव छापलं का मी? फोटो चांगला आहे म्हणून लावला. तुहीच तारीफ झाली ना बे!" वर कुठेतरी मांजर ओरडलं तसा तो उठून गेला.

वेबसाइटवरचा फोटो मी त्याच दिवशी काढला. मांजरं कोऱ्या पानावर आली आणि मी रस्त्यावर. त्याचं काही नाही. बोर्ड मात्र अजून फाट्यावर आहे. आत्या बाजाराला जाते तेव्हा एसटीत त्या बाजूच्या खिडकीशी बसत नाही. यंदाच्या सीतादहीला मला म्हणाली, "तू ये, पण मोबाइल घरी ठेव."

मला तुमची हळहळ नको. तुमच्या गावच्या बियाण्याच्या दुकानावर असं पांढरंशुभ्र शेत लटकलेलं असेलच. उद्या आत जा. चार माणसं घेऊन जा. विचारा: हे शेत कोणाचं, कोणत्या सालचं, आणि त्या शेताच्या धन्याला विचारलं होतं का? उत्तर मिळालं नाही तर बोर्ड खाली उतरवायला लावा, आणि उतरेपर्यंत दुकानासमोरून हलू नका.