पगाराची मंडई

गाव सोडलं त्या सकाळी माझ्या खिशात एक रुपयाही नव्हता, आणि त्याला कारण बाबांचा नियम होता. आदल्या दिवशी आमच्या गावची मंडई झाली होती. तुम्ही गावात राहिलेल्यांना मंडई सांगायची गरज नाही. पण आपली जी पोरं नागपूर-पुण्यात जन्मली, त्यांच्यासाठी लिहितो: दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री दंडारीचं नाटक-नाचगाणं होतं, रस्त्यावर दुकानं लागतात. बाबा त्या दिवशी आम्हा प्रत्येकाच्या हातावर पैसे ठेवायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "मंडईचे पैसे घरी नाही आणाचे." वर्षभर घरात मीठसुद्धा विचार करून आणलं जायचं. तो एक दिवस मोकळा.

त्या वर्षी मी वीस रुपये मागे ठेवले होते, गोंदियात कामाला गेल्यावर उपयोगी पडतील म्हणून. बाबांनी ओळखलं. मला हाताला धरून परत दुकानात नेलं आणि एक गोल आरसा घ्यायला लावला. "शहरात जाऊन राहिला ना तू? मंग तोंड पाहाले आरसा पायजे." सकाळी सौंदडच्या स्टेशनावर त्यांनीच तिकीट काढलं. मायने तांदळाची पिशवी गाडीत चढवली, लाखोळीची डाळ वेगळी बांधून दिली आणि "पोचला का सांगजो" म्हणाली. गाडी हलली तेव्हा माझ्याजवळ तांदूळ, डाळ आणि आरसा एवढंच होतं.

सौंदड ते गोंदिया हे काही फार मोठं अंतर नाही. आमचा एक मामेभाऊ दुबईला आहे, तो माझ्या स्थलांतराला हसतो. पण पहिल्या आठवड्यात मी भाजीवाल्याला "वांगे कसे दिले?" विचारलं आणि तो म्हणाला, "भैया, बैंगन बोलो ना," तेव्हा मला दुबईइतकंच दूर वाटलं होतं. आता मीही बैंगनच बोलतो. धानाच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिता लिहिता केस पिकले, लग्न झालं, दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, मुलगी प्राची नर्सिंगच्या कॉलेजात गेली. बाबा आता नाहीत. आरसा आहे. मोरीजवळच्या खिळ्यावर टांगलाय, रोज दाढी त्यातच करतो.

बाबांचा नियमही मी घरात चालू ठेवला, थोडा बदलून. ज्या महिन्यात ओढाताण होते, त्याच्या पुढच्या पगाराला संध्याकाळी आमच्या घरची मंडई. माणशी शंभर रुपये. किराणा घ्यायचा नाही, औषध घ्यायचं नाही, घराच्या उपयोगाचं काही घ्यायचं नाही, दुसऱ्यासाठी काही घ्यायचं नाही, आणि उरलेले पैसे घरी आणायचे नाहीत. महिना सुरळीत गेला असेल तर मंडई नाही. सुनीता, माझी बायको, म्हणते की हा नियम उलटा आहे. मी म्हणतो, ज्यांनी महिनाभर तोंड आवरलं त्यांचाच तो हक्क आहे. मंडईची रक्कम मी महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळी काढतो. ती कितीही अडचण आली तरी मोडत नाही.

मागच्या महिन्यात प्राचीची फी भरायची होती. दूध एक लिटरचं अर्धा लिटर केलं, दही बंद, स्कूटर फक्त कामाला. आणि नेमकी त्याच महिन्यात माय पहिल्यांदा राहायला म्हणून आली. बाबा गेल्यावर कितीदा म्हटलं, पण ती यायची आणि दोन दिवसांत परत जायची. या वेळी गुडघे बोलायला लागले होते, म्हणून "पाहू" म्हणाली. माझ्या दृष्टीने ते "पाहू" फार मोलाचं होतं.

आठवडाभरात तिने कोरा चहा मागायला सुरुवात केली. "दुधाचा चहा मले सोसत नाही." आम्हाला खरंच वाटलं. पगाराच्या दिवशी घरी आलो तर तिची पिशवी बांधून दाराशी.

"मी उद्या चालली बाबू."

"काऊन?"

"मी आली अन् तुमचं दूध आटलं. मले काय दिसत नाही का?"

मी फीचा हिशेब सांगितला. ती ऐकून घेतल्यासारखं करून पिशवीची गाठ तपासत राहिली. आकड्यांनी आजवर माझे बरेच वाद मिटवले आहेत, तो मिटला नाही. शेवटी प्राची म्हणाली, "आजी, उद्या जाशील तर जा. आज आपली मंडई आहे. चल." आणि शंभराची नोट तिच्या हातात ठेवली.

बाजारात आम्ही पांगलो नाही, मायच्या चालीने चाललो. प्राचीने चमकणारे क्लिप घेतले. सुनीताने बांगड्या घेतल्या, नंतर तासभर त्या पुन्हा पुन्हा बघत होती. मी भाजलेले शेंगदाणे आणि एक हिरव्या शाईचं पेन घेतलं. हिशेबात हिरवी शाई चालत नाही, म्हणूनच घेतलं. माय कशालाच हात लावेना. मग भांड्यांच्या हातगाडीपाशी थांबली. निळ्या फुलाची एक कपबशी उचलली, बोटाने टिचकी मारून वाजवली.

"कितीले?"

"सौ रुपया, अम्मा."

"शंभर? सोन्याची हाय का?"

"अम्मा, नब्बे दे दो. आपके लिए."

"अन् दुसऱ्याले किती देतेस रे?"

तो हसला, पण नव्वदच घेतले. सुनीताने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात सगळे मग आहेत, एकालाही बशी नाही. माय आयुष्यभर बशीत ओतून चहा प्यायली, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात नव्हतं. प्राचीने मात्र नियम काढला, "बाबा, कपबशी उपयोगाची वस्तू झाली. चालेल का?" मी म्हटलं, चालेल.

माय उरलेले दहा रुपये पदराच्या गाठीत बांधत होती. "उद्या गाडीले होतीन."

मी म्हटलं, "माय, मंडईचे पैसे घरी नाही आणाचे."

ती थबकली. बाबांचंच वाक्य होतं ते, माझ्या तोंडून आलेलं. मग एकदम तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. समोर एकजण काठीला गुलाबी साखरेचे पुंजके लावून ओरडत होता, "बुढ्ढी के बाल!" मायने गाठ सोडली आणि दहा रुपये त्याला दिले. रस्ताभर खात आली. हनुवटी गुलाबी झाली, ती घरी आल्यावर बाबांच्याच आरशात पाहून पुसली.

सकाळी पिशवी दाराशी तशीच होती. सुनीताने चहा केला आणि नव्या कपात ओतला. मी पेपर उघडून बसलो, पण वाचत नव्हतो. आतून बशीत चहा ओतल्याचा आवाज आला, मग फुंकर, मग लांब भुरका. सौंदडच्या आमच्या घरात माझी झोप रोज याच आवाजाने मोडायची.

गाव कुठलं आणि घर कुठलं, याचा हिशेब मी इतकी वर्षं मनात मांडत आलो आणि तो जुळत नव्हता. पाहुणा मिळेल ते गोड मानून घेतो, एवढं मात्र मला माहीत होतं. मी कान देऊन बसलो.

"सुनीता," आतून मायचा आवाज आला, "चहात दूध काऊन कमी टाकलं वो? आजपासून लिटरभर सांग."

मी उठलो आणि दाराशी ठेवलेली पिशवी उचलून आत नेली.