खंडेनवमीला धुतलेली जोडी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कोणी वाचलंच, तर चुका पोटात घालाव्यात.

आमचे हे नाशकात टांग्याचं सामान शिवायचे. लगाम, पट्टे, खोगीर. रिक्षा वाढल्या, टांगे कमी झाले, हाताला काम उरलं नाही, तेव्हा ह्यांना एक नाद लागला. जुन्या काळचे घोडेस्वार पिस्तुलं ठेवायचे, ती कातडी म्यानं हे जमवू लागले. खोगिराच्या पुढे दोन बाजूंना दोन लोंबायची, म्हणून खरी किंमत जोडीला. सुटं एखादं देवळालीच्या भंगारात सापडायचं. एक हरसूलच्या बाजारात मिळालं, एका म्हातारबाबांनी त्यात कोयता खोचला होता. हे म्यान नाकाशी धरायचे, टाके बोटाने चाचपायचे. "हा शिवणारा डावखुरा होता बघ," म्हणायचे. मला काही दिसायचं नाही. पण ह्यांचा चेहरा बघायला मी चुलीवरचं टाकून बसायची.

नणंद आली की भिंतीवरच्या म्यानांकडे बघून विचारायची, "वहिनी, घोडा कधी येतोय? हरभऱ्याची चंदी भिजवलीस का?" हे हसायचे. पण पुढे एक अख्खी जोडी विकायला निघाली, झाकणाखाली कारागिराचा छाप असलेली, तेव्हा पाटल्या मोडून नऊ हजार उसने दिले ते तिनेच. पुण्याचे एक संग्राहक दसऱ्याला येऊन जोडी घेणार होते, पंधरा हजारांना. तिचे पैसे लगेच फिटणार होते.

त्या पावसाळ्यात जोडीवर पांढरी बुरशी धरली. खंडेनवमीला हे त्र्यंबकला गेले होते. संध्याकाळी कातडं कापायच्या-शिवायच्या रापी-आरीशेजारी जोडीही पूजेला मांडायची, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे बघणार. मला वाटलं, स्वच्छ दिसावी. रिठ्याच्या कोमट पाण्यात घासली, गच्चीवर उन्हात वाळवली, वर खोबरेल आणि काळं पॉलिश. चकाकली छान.

संध्याकाळी परत येऊन ह्यांनी झाकण उचललं, तर ते पापडासारखं मोडलं. छाप पुसून गेला होता.

"उन्हात ठेवलीस?"

"हो."

मग ह्यांनी त्या तुकड्यांनाही हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्याला पाहुणे आले. जोडी हातात घेऊन खाली ठेवली. "हिचं जुनेपणच गेलं हो सगळं. कोणी केला हा अडाणीपणा?"

"मीच," हे म्हणाले.

"जन्मभर कातड्यात हात घालून?"

मी पडद्याआड चहाचा ट्रे धरून उभी होते. दोन पावलांवर. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तेव्हाही फुटला नाही. चहा ह्यांनीच आत येऊन नेला.

गोष्ट बाजारात पसरली. भंगारवाले ह्यांना काही दाखवेनात. "तुम्ही धुऊन टाकाल, शेठ," म्हणून हसायचे. भिंतीवरची म्यानं एकेक करून घरखर्चात गेली. हे मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. माफी मागायची म्हणून मी रोज योग्य वेळ बघत राहिले. दोन वर्षांनी छातीत कळ आली आणि हे गेले.

नणंदेने पैसे मागितले नाहीत. मी साड्यांना फॉल लावून थोडे थोडे देत राहिले. कितीतरी वर्षं गेली. शेवटचे पाचशे घेऊन गेले, तेव्हा ती सहज बोलली, "दादा एवढा कसबी माणूस. त्या जोडीचं असं कसं केलं गं त्याने?"

"ताई, ती मी धुतली होती."

डोळे पुसून तिने नोटा हातात घेतल्या, एकेक करून मोजल्या.

"नऊ हजार पुरे झाले, वहिनी," ती म्हणाली.